उमरीची सभा आणि उमरीची बँक

मुदखेड सोडून गाडी धर्माबादच्या दिशेने निघाली की वाटेत उमरी हे स्थानक लागते. नांदेड जिल्ह्यातील कापसाची एक बाजारपेठ आणि तालुक्याचे ठिकाण, यापलीकडे बाहेरच्या प्रवाशाला या गावाची ओळख सहसा नसते. परंतु मराठवाड्याच्या राजकीय इतिहासात या गावाच्या नावावर दोन घटनांची नोंद आहे आणि त्या दोहोंमध्ये अवघ्या सात वर्षांचे अंतर आहे. १९४१ साली येथे महाराष्ट्र परिषदेचे तिसरे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते काशिनाथराव वैद्य. पेशाने वकील आणि वृत्तीने सनदशीर मार्गावर श्रद्धा ठेवणारे गृहस्थ. त्यानंतर ३० जानेवारी १९४८ रोजी सरहद्दीवरील शिबिरातून आलेल्या सशस्त्र तुकडीने याच गावातील हैदराबाद स्टेट बँकेवर छापा घातला आणि तेथील रक्कम निझामाविरुद्धच्या लढ्यासाठी नेली. दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तोच हा दिवस.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो, तेव्हा यांपैकी दुसरी घटना आवर्जून सांगितली जाते; पहिलीचा उल्लेख क्वचितच होतो. यात अस्वाभाविक काही नाही. बंदुकीचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो, ठरावांचे कागद मात्र दप्तरात पिवळे पडतात. तथापि लोकशाहीचा विचार करू पाहणाऱ्याने या दोन घटना वेगवेगळ्या न पाहता एकत्र पाहिल्या पाहिजेत. ज्या गावात लोकांनी मंडप घालून, अध्यक्ष निवडून, सूचक आणि अनुमोदक उभे करून ठराव केले, त्याच गावात सात वर्षांनी बँक लुटण्याची पाळी का यावी? या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट सापडेल त्याला नागरी हक्क म्हणजे काय, ते कशासाठी असतात आणि ते नसले म्हणजे काय होते, हे वेगळे शिकविण्याची गरज पडणार नाही.

परवानगीचे राज्य

निझामी राजवटीत सर्वांत बोलका दस्तऐवज कोणता, असे विचारले तर जाणकार ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकाकडे बोट दाखवतात. या गश्तीने राजकीय स्वरूपाची कोणतीही सभा पूर्वपरवानगीवाचून भरविण्यास मनाई केली. सभा राजकीय आहे की नाही, हे ठरविणारा सरकारी अधिकारी. परवानगी द्यावयाची की नाही, हे ठरविणाराही सरकारी अधिकारी. आणि नाकारली तर दाद मागावयाची तीही त्याच सरकारकडे. यात कोणालाही फाशी दिलेले नव्हते, कोणाचे घर जाळलेले नव्हते. फक्त एक अर्ज करावयाचा होता. परंतु त्या एका अर्जाच्या अटीने संस्थानातील प्रजेचा सार्वजनिक आवाज जवळजवळ बंद पडला.

याचा परिणाम किती विचित्र झाला पाहा. हैदराबाद संस्थानातील लोकांच्या प्रश्नांचा विचार करणारी राजकीय परिषद १९२३ साली काकिनाड्यात भरली, १९२६ साली मुंबईत, १९२८ साली पुण्यात आणि १९३१ साली अकोल्यात. चारही गावे संस्थानाच्या हद्दीबाहेरची. आपल्या घरातील गाऱ्हाणे बोलण्यासाठी शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसावे, तशी ही स्थिती होती. संस्थानात त्या वेळी विद्यापीठ होते, आगगाडी होती, स्वतःचे टपाल होते, ‘हाली सिक्का’ नावाचे स्वतःचे चलन होते. नव्हता तो नागरिक. प्रजा होती, आणि प्रजेला जे मिळत असे ते मेहेरबानी म्हणून मिळत असे.

म्हणून १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन संस्थानाच्या भूमीवर भरले, त्याचे मोल फार मोठे आहे. दुसरे १९३८ साली लातूरला झाले, तिसरे उमरीला. परिषदेच्या मागण्यांचा गाभा पाहिला तर आजच्या वाचकाला तो अगदी सौम्य वाटेल: जबाबदार राज्यपद्धती, नागरी स्वातंत्र्य, मातृभाषेतून शिक्षण. निझामाला पदच्युत करा, असे त्यात कोठेही नव्हते. कारभार आमच्या प्रतिनिधींना जबाबदार असावा आणि आम्हाला बोलण्याची, लिहिण्याची, एकत्र येण्याची मोकळीक असावी, इतकेच मागणे होते. युरोपात उदारमतवाद ज्या मागण्यांतून वाढला, त्याच या मागण्या. त्या परतूर, लातूर आणि उमरी या गावांत मराठीतून मांडल्या जात होत्या, एवढाच काय तो फरक. उदारमतवाद हे शहरी, इंग्रजी शिकलेल्या मंडळींचे परके फॅड आहे, असे म्हणणाऱ्यांनी ही नोंद जरूर लक्षात घ्यावी.

या सौम्य मागण्यांना मिळालेले उत्तर सौम्य नव्हते. सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तीही संघटना रीतसर अस्तित्वात येण्यापूर्वीच. जन्माआधी मृत्यूचा दाखला देण्याचा हा प्रकार होता. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. स्वामी रामानंद तीर्थांसह अनेकजण तुरुंगात गेले. त्याच सुमारास औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्‌’ म्हणण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना वसतिगृहातून आणि वर्गातून काढून टाकण्यात आले. त्यांतील पुष्कळांना शिक्षण पुरे करण्यासाठी नागपूर विद्यापीठाचा आश्रय घ्यावा लागला. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली ती जुलै १९४६ मध्ये. म्हणजे जवळजवळ आठ वर्षांनी. उमरीचे अधिवेशन या बंदीच्या काळातले आहे. राजकीय पक्ष बेकायदा होता, म्हणून लोक परिषदेच्या मंडपात जमत होते.

दोन डोळ्यांचे राज्य

येथे एक आक्षेप उपस्थित होऊ शकतो. निझामाचे संस्थान बहुविध नव्हते काय? दीड कोटीहून अधिक लोकवस्ती. निम्म्याच्या आसपास तेलुगू बोलणारे, चौथ्या हिश्श्याच्या आसपास मराठी, शिवाय कन्नड आणि उर्दू. हिंदू, मुसलमान, लिंगायत, जैन, ख्रिस्ती, आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यामुळे शिखांचे श्रद्धास्थानही. हिंदू आणि मुसलमान हे आपले दोन डोळे आहेत, असे निझाम म्हणत असे, हे तर सर्वांच्या परिचयाचे आहे.

परंतु या उपमेतच तिचा दोष दडलेला आहे. डोळे दोन असले तरी पाहणारा एकच असतो. डोळ्यांना स्वतःचे मत नसते. काय पाहावयाचे ते धनी ठरवितो. अनेक भाषांचे आणि धर्मांचे लोक एका राज्यात राहतात, एवढ्याने ते राज्य बहुविध लोकशाही ठरत नाही. बाजारातही अनेक जातीधर्मांचे लोक एकत्र येतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात. बहुविध लोकशाहीत निरनिराळ्या लोकांना आपापल्या संघटना स्वतः बांधता येतात, राज्यसंस्थेला न विचारता. त्यांना परस्परांशी आणि शासनाशी उघड मतभेद ठेवता येतात. आणि एकाच माणसाला एकाच वेळी मराठी, मुसलमान, विणकर आणि समाजवादी असता येते, यांपैकी कोणत्याही एका ओळखीत त्याला कोंबले जात नाही.

संस्थानाने १९३९ साली ज्या राजकीय सुधारणा जाहीर केल्या, त्यांवरून हा भेद स्पष्ट होतो. त्या सुधारणांत प्रतिनिधित्व द्यावयाचे होते ते नागरिकाला नव्हे, तर व्यवसायाला आणि हितसंबंधाला. जहागीरदारांचे प्रतिनिधी, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी, व्यापाऱ्यांचे, सावकारांचे, वकिलांचे प्रतिनिधी, अशी ती वाटणी होती. शिवाय लोकसंख्येचे प्रमाण बाजूस ठेवून हिंदू आणि मुसलमान सभासदांची संख्या समसमान राखावयाची होती. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर प्रत्येकाची किंमत त्याच्या मालमत्तेच्या वा धंद्याच्या खात्यावर मांडली जाणार होती. ज्याला खातेच नाही, असा भूमिहीन मजूर, असा अस्पृश्य, अशी स्त्री, यांना त्या हिशेबात जागा कोठे होती? नागरिकत्वाची कल्पना याच्या नेमकी उलट आहे. तिच्या लेखी जहागीरदार आणि त्याचा सालगडी यांचे मत एक एकच. हे साधे अंकगणित मान्य करणे, ही सरंजामी समाजातील सर्वांत मोठी क्रांती असते.

मवाळांचे अपयश कोणाचे?

१९४१ च्या मंडपातून १९४८ च्या छाप्याकडे जाणारी वाट या पार्श्वभूमीवर समजून घेतली पाहिजे. अर्ज, ठराव, परिषद, सत्याग्रह अशा एकेक पायऱ्या लोक चढत गेले आणि प्रत्येक पायरीवर दार बंद होत गेले. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, संस्थानाने मात्र विलीनीकरण नाकारले. कासीम रझवीच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत धुमाकूळ मांडला. अशा वेळी कालचे शाळामास्तर, वकील आणि विद्यार्थी सरहद्दीवर शिबिरे उभारून शस्त्रे हाती घेऊ लागले. उमरीचा छापा हा त्या प्रवासातील एक टप्पा होता.

पुष्कळदा यातून असा निष्कर्ष काढला जातो की, मवाळांचा मार्ग निष्फळ होता. शेवटी काम झाले ते बंदुकीनेच. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. अपयश आले ते सनदशीर मार्गाला नव्हे. तो मार्गच राज्यकर्त्यांनी अस्तित्वात येऊ दिला नाही. रस्ता बांधलाच नाही आणि मग गाडी शेतातून गेली म्हणून गाडीवानाला दोष द्यावयाचा, यात न्याय नाही. आणि गाडी शेतातून जाऊ शकते, तेव्हा रस्त्याची गरजच नाही, असे म्हणण्यात शहाणपणही नाही. उमरीच्या बँकेवरील छापा नागरी स्वातंत्र्याच्या विरोधातला पुरावा नाही. नागरी स्वातंत्र्य नाकारण्याची किंमत किती पडते, याचे ते बिल आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात हाच भेद नेमका मांडला होता. सनदशीर मार्ग उपलब्ध नव्हते, तोवर बेकायदा मार्गांना काही समर्थन होते. घटना अमलात आल्यावर ते समर्थन उरणार नाही, आणि सत्याग्रहासारखी साधनेही मग बाजूला ठेवली पाहिजेत, असा त्यांचा आशय होता. या विधानाची एक बाजू नागरिकांना बांधून घेते, ही गोष्ट सर्वजण सांगतात. त्याची दुसरी बाजू शासनाला तितकीच बांधून घेते, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. नागरिकाने बेकायदा मार्ग सोडावयाचा तर कायदेशीर मार्ग खरोखर उघडा असला पाहिजे. कागदावर नव्हे, तहसील कचेरीत आणि पोलीस ठाण्यात.

तो उघडा झाला तेव्हा काय घडले, याचीही साक्ष उमरीच्या अधिवेशनाचे अध्यक्षच देतात. १९५२ साली हैदराबाद राज्यात प्रौढ मतदानाने पहिली निवडणूक झाली. लोकनियुक्त विधानसभा भरली आणि तिचे सभापती झाले काशिनाथराव वैद्य. अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी एका लहान गावातील मंडपात ठराव मताला टाकले होते, ते आता राज्याच्या कायदेमंडळात ठराव मताला टाकू लागले. ज्या भागात सभेसाठी परवाना लागत होता, त्या भागातील कुळाने आणि जहागीरदाराने एकाच रांगेत उभे राहून मत दिले. या दृश्याला वर्तमानपत्रांत मोठे मथळे मिळाले नसतील, परंतु मुक्तिसंग्रामाचे खरे फलित कोणते, तर हे.

हक्क कोणाचा?

एवढ्यावर थांबले तर ही कहाणी गोड होईल, पण अपुरी राहील. कारण नागरी हक्कांची खरी परीक्षा ते आपल्याला मिळतात की नाही, यात नसते. आपल्याला नको असलेल्या माणसाला ते मिळतात की नाही, यात असते. या परीक्षेला मराठवाडा दोनदा बसला, आणि दोन्ही वेळा त्याला मान खाली घालावी लागली.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय फौजांनी संस्थान मुक्त केले. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि लगतच्या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर सूड उगविण्यात आला. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने हिंडून अहवाल दिला. मृतांची संख्या किमान २७ हजार ते ४० हजार असावी, असा तिचा अंदाज होता. आणि सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर आणि गुलबर्गा यांच्याबरोबर नांदेडचे नाव होते. आजचा लातूर जिल्हा त्या वेळी उस्मानाबादचाच भाग होता. हा अहवाल दीर्घकाळ बंद राहिला. अभ्यासकांना तो पाहावयास मिळाला तो २०१३ च्या सुमारास.

रझाकारांनी अत्याचार केले, हे खरे. परंतु रझाकार ही एक संघटना होती आणि मुसलमान हा एक समाज. या दोहोंत भेद न करणे म्हणजे माणसाला त्याच्या जन्मावरून शिक्षा देणे. हा भेद किती खरा होता, याचा पुरावा रझाकारांनीच दिला होता. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू घेतली, रझाकारांवर निर्भयपणे टीका केली, आणि म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्यांची हत्या झाली. ज्या हाताने ते लिहीत तो हातही मारेकऱ्यांनी तोडला. मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांची यादी वाचताना हे नाव मोठ्याने वाचले गेले पाहिजे. ते वाचले की १७ सप्टेंबर हा एका धर्माने दुसऱ्यावर मिळविलेल्या विजयाचा दिवस उरत नाही; प्रजेचे नागरिक झाले, तो दिवस होतो.

दुसरी परीक्षा १९७८ ची. जुलै महिन्यात राज्य विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ज्यांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढून या मागासलेल्या भागातील दलित मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले, त्यांचे नाव त्याच शहरातील विद्यापीठाला देणे औचित्याचे होते. तथापि विरोध करणाऱ्यांनाही विरोधाचा हक्क होता, हे उदारमतवादी माणूस नाकारणार नाही. सभा घ्याव्यात, लेख लिहावेत, मोर्चे काढावेत. प्रत्यक्षात घडले ते निराळेच. मराठवाड्यात, विशेषतः नांदेड आणि परभणी या जिल्ह्यांच्या खेड्यांत, दलितांच्या वस्त्या जळाल्या, विहिरी बंद झाल्या, माणसे मारली गेली. ज्या दलित शेतमजुराचा विद्यापीठाच्या नावाशी दुरूनही संबंध आला नव्हता, त्याचे छप्पर पेटले. प्रश्न नावाचा नव्हताच. कालपर्यंत खाली मान घालून वागणारा माणूस आता मान वर करून हक्काने काही मागतो आहे, हे सहन न होण्याचा तो प्रश्न होता. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला.

निझामाकडे हक्क मागणाऱ्या समाजाने आपल्याच शेजाऱ्याला तो देताना हात आखडता घेतला, हे या दोन प्रसंगांचे तात्पर्य आहे. हुकूमशहा एका फर्मानाने हक्क हिरावून घेतो. गावे तेच काम फर्मानाशिवाय करू शकतात. म्हणून उदारमतवादाचे दोन शत्रू मानावे लागतात: एक अनियंत्रित शासन आणि दुसरा अनियंत्रित जमाव. पहिल्याविरुद्ध घटना आहे, न्यायालये आहेत. दुसऱ्याविरुद्ध शेजाऱ्याच्या दारात उभा राहणारा माणूस लागतो.

भाकरी आणि हक्क

उपाशी माणसाला भाषणस्वातंत्र्याचे काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. विचारणारे बहुधा पोटभर जेवलेले असतात. या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने एका कायद्याने दिले आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लाखो माणसे खडी फोडीत होती. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. काम मागणाऱ्याला १५ दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा, असे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला, त्यामागे हाच अनुभव होता. ज्या शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जातो, त्याने हे ध्यानात ठेवावे की १९७५ साली तो कर बसविण्यात आला तो याच हमीसाठी पैसा उभा करावा म्हणून.

दुष्काळी काम पूर्वीही निघत असे. निझामाच्या काळीही निघाले. तेव्हा ती कृपा होती. कायद्यानंतर तो हक्क झाला. या दोहोंतील अंतर पैशांत मोजता येत नाही. कृपा घेणारा हात जोडतो. हक्क मागणारा अर्जाची पोच मागतो. अर्थात पोच मागणाऱ्याला ती मिळावी, हजेरीपटातील खोटी नावे उघडकीस यावीत, मजुरी थकली तर बोंब मारता यावी, यासाठी पुन्हा सभा, संघटना आणि वृत्तपत्र यांचीच गरज लागते. म्हणजे भाकरीचा हक्क बोलण्याच्या हक्काच्या खांद्यावर उभा आहे. बोलण्याचा हक्क काढून घ्या, भाकरीही पुन्हा मेहेरबानी होते.

आजच्या गश्ती

गश्ती निशान ५३ इतिहासजमा झाली. परंतु परवानगीची वृत्ती इतक्या सहज इतिहासजमा होत नाही. अहमदाबादेत मुंबई पोलीस कायद्याखाली सार्वजनिक रस्त्यावरील सभेसाठी पोलिसांची परवानगी घेण्याचा नियम होता. परवानगी केव्हा नाकारता येईल, याचे कोणतेही निकष त्यात नव्हते. १९७२ साली हिंमतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला. सभेचे नियमन करता येईल; पण अधिकाऱ्याच्या मर्जीवर हक्क टांगून ठेवता येणार नाही, हा त्या निर्णयाचा सारांश. उमरीच्या मंडपातील मागणी ३१ वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली, असे म्हटले तरी चालेल.

परंतु तीनच वर्षांनी आणीबाणी आली. एप्रिल १९७६ मध्ये त्याच न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, आणीबाणीत स्थानबद्ध नागरिकाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही. न्यायमूर्ती ह. रा. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही, अशी तजवीज केली. आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निर्णय चुकीचा होता, असे स्वतःच जाहीर केले. चूक दुरुस्त होण्यास ४१ वर्षे लागली. हक्क एकदा मिळाला की तो कायमचा मिळाला, असे समजणाऱ्यांना हा धडा पुरेसा आहे.

अगदी अलीकडचे पाहावयाचे तर जमावबंदीचे कलम १४४ होते. २०२४ च्या जुलैपासून नव्या संहितेत ते कलम १६३ झाले. आकडा बदलला, अधिकार तोच राहिला. मतभेदाची रास्त अभिव्यक्ती दडपण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही आणि असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे न्यायालयाने २०२० साली बजावले आहे. २०२५ च्या जुलैमध्ये राज्य विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्यात संघटना बेकायदा ठरविण्याचा अधिकार शासनाकडे आहे. हिंसक नक्षलवादाचा बंदोबस्त व्हावा, याविषयी दुमत नाही. परंतु संघटनेवर बंदी घालण्याचा अधिकार म्हटला की मराठवाड्याच्या माणसाने चार प्रश्न विचारलेच पाहिजेत: कारणे लेखी मिळतील काय, ती तपासणारा शासनाहून स्वतंत्र असेल काय, मुदत किती, आणि दाद कोठे? १९३८ साली स्टेट काँग्रेसला या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली नव्हती. त्या वेळीही बंदीचे कारण शांतता आणि सुव्यवस्था हेच होते.

आणि शासनाकडे बोट दाखविताना आपल्या आवारातही पाहिले पाहिजे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद पडल्या. २०१६ च्या कायद्यात तरतूद पुन्हा आली, पण त्यानंतरही अनेक वर्षे त्या झाल्या नाहीत. निवडणुकीत मारामाऱ्या होतात, हे कारण. मारामाऱ्या होत होत्या, हे खरेच. परंतु पोहताना बुडण्याची भीती म्हणून विहिरीवर झाकण घालणारा बाप मुलाला अठराव्या वर्षी एकदम नदीत ढकलतो, तेव्हा त्याने आश्चर्य करू नये. अठराव्या वर्षी देशाचे सरकार निवडण्यास लायक ठरणारा विद्यार्थी वर्गप्रतिनिधी निवडण्यास नालायक कसा, याचे उत्तर कोणीतरी दिले पाहिजे.

बहुविध लोकशाही दिल्लीत किंवा मुंबईत तयार होऊन जिल्ह्यांना पार्सलने येत नाही. तिचे काम रोजचे आणि कंटाळवाणे असते. सभेचा अर्ज घेऊन आलेल्या, आपल्याला न पटणाऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्याला पोच देणारा कारकून ते काम करीत असतो. वर्गात आपल्या मताविरुद्ध बोलणाऱ्या विद्यार्थ्याला पुरते बोलू देणारा शिक्षक ते करीत असतो. शेजारच्या वस्तीवर दगड पडू लागले की दार लावून न घेता बाहेर येणारा विद्यार्थी ते करीत असतो. यांची नावे कोणत्याही स्मृतिस्तंभावर कोरली जात नाहीत.

उमरीतील ज्या बँकेवर छापा पडला, तिचे पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद असे नाव झाले आणि २०१७ साली ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आता तिचे खाते बंद झाले, असे कोणी म्हणेल. परंतु १९४१ च्या सभेचे खाते चालूच आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजारोहणाच्या वेळी छाप्याची गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. पण ती सांगून झाल्यावर, त्याच गावात त्याआधी सात वर्षे कोणी काय मागितले होते आणि ते मिळाले असते तर कोणाला बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहावे लागले असते काय, हा प्रश्नही त्यांच्यासमोर ठेवावा.